मोत्याची नथ, पाचू, नवरत्न, कुंदन : खड्यांचे दागिने घरी कसे साफ करता?

चरईकर

नमस्कार मंडळी. मंगळागौर आणि मग गौरी-गणपती तोंडावर आलेत म्हणून लॉकरमधला सासूबाईंचा डबा घरी आणलाय. साधं सोनं कसं उजळायचं ते माहितेय, रिठ्याचं पाणी आणि मऊ ब्रश, आमच्याकडे सगळ्या तेच करत आल्यात. प्रश्न खड्यांच्या दागिन्यांचा आहे.

डब्यात आहे ते सांगते. मोत्याची नथ, मधे लाल खडा, हे माणिक आहे असं सासूबाई म्हणतात. मोत्यांच्या पदरांचा तन्मणी, त्याच्या खोडात (मधल्या पदकात) पोलकी म्हणजे पैलू न पाडलेले हिरे आणि छोटे पाचू. सासऱ्यांची नवरत्नाची अंगठी, ती ते रोज घालायचे त्यामुळे मागून पार काळी झालीये. माझी पाचूची अंगठी, हिऱ्याच्या कुड्या (एकदम मंद दिसतायत), आणि नणंदेचा कुंदनचा सेट जो तिने माझ्याकडे ठेवायला दिलाय, म्हणजे त्याची जास्तच काळजी.

नेटवर कोणी म्हणतं टूथपेस्ट, कोणी खायचा सोडा, कोणी व्हिनेगर, कोणी म्हणतं उकळतं पाणी. सगळे दागिने एकाच पातेल्यात टाकून चालतं का? सराफाकडे न्यायचे असतील तर कुठले न्यायलाच हवेत आणि कुठले घरी होतील? अनुभवी लोकांनी प्लीज सविस्तर लिहा.

मोगरा_ऐरोली

ताई मी ऑनलाइन एक छोटं अल्ट्रासोनिक मशीन घेतलंय. पाणी भरायचं, दोन थेंब डिशवॉश, बटण दाबायचं, माझे हिऱ्याचे टॉप्स इतके चमकायला लागले की ऑफिसमध्ये नवीन घेतलेस का विचारलं. चष्मा पण मी त्यातच धुते. तुमचं सगळं एकदमच होईल, वेळ वाचेल.

खडेपारखी

चरईकर ताई, थांबा, मशीनमध्ये काहीही टाकू नका आधी. मी रत्नशास्त्र शिकलोय आणि वाशीला दागिन्यांच्या कामातच आहे, रोज असे डबे समोर येतात, त्यामुळे जरा लांबलचक लिहितोय.

मोगरा ताईंचे टॉप्स चमकले ते बरोबरच आहे. हिऱ्याला तेल-तूप भयंकर आवडतं, म्हणजे स्निग्ध पदार्थ त्याला चटकन चिकटतात, इतके की खाणीत भुकटी केलेल्या दगडातून हिरे वेगळे काढायला ग्रीस लावलेले पट्टे वापरायचे, हिरा ग्रीसला चिकटायचा आणि बाकी दगड पाण्याबरोबर वाहून जायचे. त्यामुळे क्रीम, केसाचं तेल, साबण याचा थर हिऱ्याच्या मागे बसतो आणि उजेड अडतो. मंद झालेला हिरा बहुतेक वेळा फक्त तेलकट झालेला असतो. तुमच्या कुड्या कोमट पाणी + डिशवॉशचे थेंब + लहान मुलांचा मऊ टूथब्रश, मागच्या बाजूने हळूहळू, एवढ्याने होतील. हिऱ्याबरोबर मोती नसेल आणि कोंदण मागून उघडं असेल तरच. आणि बेसिनवर कधीही नाही, वाडग्यात, खाली टॉवेल पसरून.

पण मशीन सगळ्याला चालत नाही. त्यात सेकंदाला साधारण ४० हजार कंपनं होतात, पाण्यात सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि ते मळ उखडून काढतात. घट्ट बसलेल्या, भेगा नसलेल्या हिऱ्याला ते झेपतं. पाचूला नाही. पाचूत जन्मतःच बारीक भेगा असतात आणि त्या दिसू नयेत म्हणून त्यात तेल मुरवायची पद्धत जुनी आहे, सीडरचं तेल सगळ्यात जास्त वापरतात, आता रेझिनही भरतात. मशीनने, गरम पाण्याने किंवा वाफेने ते तेल निघून जातं आणि मग काल हिरवागार दिसणारा पाचू आज पांढुरक्या रेषांनी भरलेला दिसतो. खडा फुटलेला नसतो, आतलं तेल गेलेलं असतं. पुन्हा तेल मुरवून घेता येतं पण भेग वाढलेली असेल तर ती काही भरून येत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दागिना साफ करायचा तो त्यातल्या सगळ्यात नाजूक गोष्टीकडे बघून. आणि ती नाजूक गोष्ट दर वेळी खडाच असेल असं नाही, खड्यात भरलेलं तेल असेल, मागची लाख असेल, डिंक असेल, नाहीतर ओवलेला रेशमी दोरा असेल.

तुमची नवरत्नाची अंगठीच घ्या. हिरा मोहस् मापावर (खडा किती कठीण ते सांगणारं १ ते १० चं माप) १०. माणिक, नीलम, पुष्कराज ९. लसण्या ८.५. पाचू ७.५ ते ८. गोमेद ७ च्या आसपास. आणि त्याच अंगठीत पोवळं ३ ते ४ आणि मोती २.५ ते ४.५. हिऱ्याला चालतो म्हणून खसाखसा ब्रश मारलात की मोत्याचं पाणी गेलंच. शिवाय मोती आणि पोवळं दोन्ही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, चुनखडीत असतं तेच. लिंबू, व्हिनेगर, कुठलंही आंबट त्याला लागलं की पृष्ठभाग विरघळायला लागतो. म्हणजे त्या अंगठीचा निर्णय मोती, पोवळं आणि पाचू हे तिघं मिळून घेणार, हिरा नाही.

ती मागून काळी झालीये म्हणता ते नेहमीचंच आहे, ग्रहांच्या अंगठ्या खडा बोटाला लागावा म्हणून मागून उघड्या ठेवतात, मग साबण, घाम, कणीक सगळं तिथे जाऊन बसतं. इयरबड साध्या पाण्यात बुडवून, पिळून, जवळजवळ कोरडा करून मागून फिरवा. मळ मऊ झाला की लाकडी टूथपिकच्या टोकाने धातूवरचाच काढा, खड्याला टोक लावू नका. एका बैठकीत नाही निघालं तर दुसऱ्या दिवशी परत.

जुनी_नौपाडकर

रिठ्याने काहीही होत नाही हो. माझ्या माहेरी आणि सासरी दोन्हीकडे सगळे दागिने रिठ्याच्याच पाण्यात धुतले जायचे, पाटल्या, बांगड्या, कुड्या, नथ, सगळं. साबण नव्हता तेव्हाही दागिने होतेच की. आणि आमच्या नथी अजून आहेत. हल्ली प्रत्येक गोष्टीचं शास्त्र करून लोकांना घाबरवायची पद्धत पडलीये असं माझं स्पष्ट मत आहे.

खडेपारखी

काकू, सोन्यासाठी रिठा उत्तमच, पाटल्या-बांगड्यांना मी पण तेच सांगतो. टूथपेस्टपेक्षा तर शंभर पटीने बरा, कारण टूथपेस्टमध्ये दात घासायला बारीक खरखरीत पूड असते आणि २२ कॅरट सोनं मऊ, त्यावर सगळीकडे बारीक चरे पडतात, पहिल्या दिवशी ते चमक वाटतात आणि नंतर सोनं धुरकट दिसायला लागतं.

मोत्याचं मात्र वेगळं. रिठ्याचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं आणि रंगाने तपकिरी. मोत्याला भोक पाडलेलं असतं, भिजत घातला की पाणी त्या भोकातून आत जातं, थरांच्या मधे मुरतं, दोरा असेल तर तोही तपकिरी होतो. एकदा-दोनदा धुतल्याने डोळ्याला काही दिसणार नाही, म्हणूनच घरोघरी चालून जातं. तुमच्याकडच्या नथी टिकल्या त्याचं एक कारण माझ्या मते हे पण आहे की त्या वर्षातून चार-पाच सणांनाच बाहेर निघायच्या आणि लगेच पुसून डब्यात जायच्या. रोज घातलेली मोत्याची कुडी आणि सणाची नथ शेजारी ठेवून बघा, घाम, पावडर, अत्तर काय करतं ते दिसेल.

जुनी नथ असेल तर त्यात बसऱ्याचे मोती असायची शक्यता असते, म्हणजे इराणच्या आखातातले नैसर्गिक. ते आता सहज मिळत नाहीत. त्यामुळे भिजवून बघू काय होतं ते, हा प्रयोग नथीवर तरी नको.

जुनी_नौपाडकर

हे अत्तर-पावडरचं मात्र पटलं. आमच्या सासूबाई म्हणायच्या मोती सगळ्यात शेवटी अंगावर आणि सगळ्यात आधी अंगावरून. साडी, वेणी, पावडर सगळं झालं की मग नथ आणि तन्मणी. घरी आल्याआल्या चपला काढायच्या आधी नथ काढायची.

चरईकर

काकू हे किती छान सांगितलंत. खडेपारखी, मग नथ आणि तन्मणीला पाणी अजिबातच नाही का? आणि तन्मणीचा दोरा पिवळट झालाय, मण्यांच्या मधून दिसतो.

खडेपारखी

नथ : मऊ सुती कापड (जुन्या धुतलेल्या मलमलीचा तुकडा सगळ्यात छान) साध्या पाण्यात भिजवून घट्ट पिळायचं, एकेक मोती दोन बोटांत धरून पुसायचा, मग कोरड्या तुकड्याने परत. त्याआधी एक गोष्ट. डब्यातून काढल्यावर लगेच चोळायचं नाही, आधी मऊ मेकअप ब्रशने धूळ झटकायची. आपल्याकडच्या धुळीत वाळूचे कण असतात, वाळू म्हणजे क्वार्ट्झ, मोहसवर ७, म्हणजे मोती, पोवळं, फिरोजा, ओपल सगळ्यांपेक्षा कठीण. धुळीसकट पुसणं म्हणजे पॉलिश पेपरने घासणं. नथीची तार पण बघा, जिथे वाकते तिथे झिजलेली असेल तर आधी सोनाराकडे.

तन्मणी : पदर हळूच पिळलेल्या कापडाने पुसायचे, दोरा ओला होऊ द्यायचा नाही, ओला रेशमी दोरा ताणला जातो. पुसून झाल्यावर टांगून ठेवायचा नाही, टॉवेलवर आडवा. दोरा पिवळा पडलाय म्हणजे परत ओवून घ्यायची वेळ झालीये, धुऊन तो पांढरा होणार नाही. खोडाला तर पाण्याचा थेंब नको. पोलकी बंद कोंदणात बसवतात, मागे चमकणारा पत्रा असतो, तोच उजेड परतवतो. पाणी आत गेलं की पत्रा काळा पडतो आणि हिरा मेल्यासारखा दिसतो.

कुंदनला हेच सगळं दुप्पट. आत लाख, त्यावर पत्रा, त्यावर खडा आणि कडेने शुद्ध सोन्याचा पातळ पत्रा दाबून बसवलेला. गरम पाण्याने लाख मऊ होते आणि खडे हलतात. मागे मीनाकारी असेल तर ती आपटली की टवका उडतो. नणंदेचा सेट कोरड्या ब्रशने झटका, कोरड्या मलमलीने सोनं पुसा, झालं. आत काळं दिसत असेल तर ते घरी निघणारच नाही, जडावाचं काम करणाऱ्या कारागिराकडेच जायला हवं.

घोडबंदरची_सून

आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकरचं पाणी असतं. हिऱ्याची अंगठी डिशवॉशने धुतली की वाळल्यावर खड्यावर पांढरट थर येतो, परत धुवावी तर परत तेच. हिऱ्यालाच काही झालंय का??

खडेपारखी

नाही हो, हिरा ठीक आहे. टँकरचं पाणी बरेचदा बोअरचं असतं, जड असतं, वाळलं की क्षार मागे राहतात. शेवटचं खळबळणं फिल्टरच्या (आरओ) पाण्याने करा आणि आपोआप वाळू देऊ नका, लगेच मऊ कापडाने टिपा. उन्हात गॅलरीत ठेवून वाळवू तर अजिबात नका, हिऱ्याला काही होत नाही पण लोक सवयीने सगळंच ठेवतात आणि ॲमेथिस्टसारखे खडे उन्हाने फिके पडतात, रंगवलेले स्वस्त खडे तर पडतातच.

सीवूड्स_४०२

पूलबद्दल कोणी लिहिलं नाही. आमच्या कॉम्प्लेक्समध्ये सकाळी निम्म्या बायका अंगठ्या घालूनच पाण्यात उतरतात. क्लोरीनने सोन्यात मिसळलेल्या बाकीच्या धातूंवर परिणाम होतो, खड्याला धरणारे बारीक पंजे कमकुवत होतात, १८ आणि १४ कॅरटमध्ये जास्त कारण त्यात भेसळ धातू जास्त. बाथरूम धुवायच्या ब्लीचचं पण तेच. घरकामाला हातमोजे घाला नाहीतर अंगठी काढा. आणि व्हाइट गोल्ड पिवळट दिसायला लागलं तर घासत बसू नका प्लीज, तो मळ नाही, वरचं ऱ्होडियम या पांढऱ्या धातूचं पाणी उतरलेलं असतं, ते परत चढवून मिळतं.

खडा सैल आहे का बघायला अंगठी कानाजवळ धरून हळूच टिचकी मारा, टकटक आवाज आला तर घालणं बंद. ओढणीचे धागे अंगठीत अडकायला लागले तरी पंजा उचललाय असं समजा.

मोगरा_ऐरोली

खडेपारखी, माझ्याकडे माणकाचं पेंडंट आहे, मोठं आहे आणि खूप स्वस्तात मिळालं होतं. माणिक ९ म्हणालात, मग ते तरी मशीनमध्ये चालेल ना?

खडेपारखी

मोठं आणि खूप स्वस्त, म्हणूनच नको म्हणतो. २००४ च्या सुमारास बाजारात काच भरलेली माणकं यायला लागली आणि आता सगळीकडे आहेत. भेगाळलेल्या हलक्या माणकात शिसं असलेली काच वितळवून भरतात, लालभडक आणि स्वच्छ दिसतं. माणिक ९ असलं तरी ती काच नाजूक, लिंबाच्या रसानेसुद्धा ती कोरली जाते, मग खड्यावर जाळं दिसायला लागतं. सोनाराने डाग देताना (सांधा जोडताना) गरम केलं किंवा तेजाबात बुडवलं तरी तेच. १० पटीच्या लूपखाली (सराफाच्या भिंगाखाली) खडा फिरवला की आत निळसर झाक आणि गोल बुडबुडे दिसतात. कुठल्याही चांगल्या सराफाकडे लूप असतो, बघून द्या म्हणा. मोठ्या किमतीचा खडा असेल तर प्रयोगशाळेचा रिपोर्ट काढा, जीआयए या रत्नं तपासणाऱ्या संस्थेची लॅब मुंबईत आहे. तोवर ओलसर कापड, बस.

एक सांगतो, हॉलमार्क आणि सहा अक्षरी एचयूआयडी (दागिन्यावरचा ओळख क्रमांक) सोन्याची शुद्धता सांगतात, खड्याबद्दल त्यात काही नसतं. आणि कुंदन, पोलकी, जडाव तर सक्तीच्या हॉलमार्कमधून वगळलेलेच आहेत. त्यामुळे घेतानाच बिलावर खड्याचं नाव, वजन आणि त्यावर काय प्रक्रिया केलीये ते लिहून घ्यायचं. हे लिहून घेतलेलं असेल तर साफ कसं करायचं हा प्रश्नच निम्मा सुटतो.

ताई, तुमच्या नथीतला लाल खडा कृत्रिम माणिक असू शकतो. कृत्रिम माणिक बनवायची व्हर्नुइलची पद्धत १९०२ मध्ये जाहीर झाली, त्यानंतर आपल्याकडच्या कितीतरी दागिन्यांत असे खडे बसले. त्यात कमीपणा काही नाही, कठीणपणा माणकाइतकाच असतो. सासूबाईंना मुद्दाम जाऊन सांगू नका एवढंच.

खाडीकिनारा_कोपरखैरणे

चांदीत बसवलेल्या मोत्याच्या अंगठीचं काय करायचं? चांदी सारखी काळी पडते. ॲल्युमिनियम फॉइल, खायचा सोडा आणि गरम पाणी असा व्हिडिओ पाहिला, साध्या चांदीच्या निरांजनावर करून बघितलं, फर्स्ट क्लास निघालं.

खडेपारखी

निरांजनाला चालतं. हवेतल्या गंधकामुळे चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर येतो आणि फॉइलच्या त्या प्रक्रियेत गंधक चांदी सोडून ॲल्युमिनियमकडे जातं, म्हणून चांदी न झिजता पांढरी होते. पण मोती, पोवळं, पाचू, ओपल, फिरोजा बसवलेलं काहीही त्यात नाही. गरम पाणी आणि सोडा दोन्ही त्यांना वाईट. चांदी पुसायचं कोरडं पॉलिशचं कापड मिळतं, त्याने फक्त चांदीची पट्टी पुसा, मोत्याला लावू नका. सॅनिटायझर लावताना पण ती अंगठी काढत जा.

ओपल कोणाकडे असेल तर तो कशातच भिजवू नका, त्याच्या अंगातच पाणी असतं, एकदम कोरड्यात किंवा उष्णतेत तडे जातात, आणि बरेच ओपल पातळ चकत्या चिकटवून केलेले असतात, पाण्याने सांधा सुटतो. फिरोजा तेल पिऊन हिरवट होतो.

तलावपाळी

या चर्चेशी संबंधित म्हणून लिहिते, आमच्या बिल्डिंगमध्ये गेल्या वर्षी दुपारी दोन जण आले होते, दागिने-भांडी पॉलिश करून देतो म्हणून. शेजारच्या आजींनी सुदैवाने दार उघडलं नाही. पोलीस दर वेळी सांगतात तरी लोक फसतात. दागिने बदलून पळतात हे तर आहेच, पण ज्यात बुडवतात ते अम्लराज असतं, हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक ॲसिडचं मिश्रण, त्यात सोनं विरघळतं. दागिना चकचकीत होऊन हातात येतो आणि वजन कमी. दुपारी घरी एकट्या असणाऱ्या ज्येष्ठांना हे आवर्जून सांगा.

चरईकर

तलावपाळी, खरंच सांगायला हवं, सासूबाईंना आजच सांगते. आता शेवटचे प्रश्न. ठेवायचं कसं? लॉकरमध्ये सगळं एका डब्यात गुलाबी कागदात होतं. पावसाळ्यात ठाण्याची हवा म्हणजे कपाटातले कपडेसुद्धा दमट, म्हणून मी सिलिका जेलच्या पुड्या आणून ठेवल्यात.

खडेपारखी

सिलिका जेल चांदीच्या आणि साध्या सोन्याच्या डब्यात टाका, मोती आणि ओपलच्या डब्यात नको. मोत्याला थोडा ओलावा लागतो. हवाबंद प्लास्टिकच्या पिशवीत वर्षानुवर्षं लॉकरला पडलेला मोती कोरडा पडून तडकतो, पिवळा होतो. सुती किंवा मलमलीच्या पिशवीत ठेवा आणि अधूनमधून काढून घाला. गुलाबी कागद बदला, दमट झाला की रंग सोडतो आणि मोती तो रंग घेतो.

आणि प्रत्येक दागिना वेगळ्या पिशवीत, हे मी हात जोडून सांगतो. हिऱ्याची कुडी आणि मोत्याची नथ एका डब्यात हलली की हिरा मोत्यालाच काय, माणकालासुद्धा ओरखडतो. डाग घालवता येतो, ओरखडा नाही.

जुनी_नौपाडकर

चरईकर, तन्मणी ओवायला देताना मोती मोजून द्या, वजन करून द्या, मोबाइलवर दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा. शक्यतो ओळखीच्या सराफामार्फत पटवेकऱ्याकडे द्या आणि समोर बसून ओवून देत असेल तर थांबा. प्रत्येक मोत्यानंतर गाठ मारून घ्या, एकदा दोरा तुटला तर सगळे मोती घरभर होत नाहीत. गौरीच्या आधी सगळ्यांची गर्दी असते, या आठवड्यातच द्या.

चरईकर

काकू, उद्याच देते. पाचूची अंगठी आणि नवरत्न घरी करते, कुंदन फक्त झटकून परत ठेवते. एकच राहिलं, गौरीला नथ घातली की हळद-कुंकू उडतं त्याच्यावर, दरवर्षी मोत्यांच्या फटीत बसतं. ते कसं काढायचं?

खडेपारखी

कोरडं असतानाच. ओल्या कापडाने पुसलंत तर हळद पसरते आणि मोत्याच्या भोकात, तारेच्या वेढ्यात रंग मुरतो. गौरी विसर्जनाच्या दिवशी नथ काढली की उलटी धरून मऊ कोरड्या ब्रशने झटका, पूड पूर्ण गेली याची खात्री झाली की मगच ते पिळलेलं मलमलीचं कापड. वाहताना हळद-कुंकू पायाशी वाहिलंत तर तेवढंही करावं लागणार नाही.